छायाचित्रातील मूल आणि त्याचे कुत्रे

जुन्या चित्रशाळांत काढलेली, मूल व त्याचे कुत्रे अशी जोडीची छायाचित्रे जमविण्याचा छंद पुष्कळांस असतो. छंद निर्दोष आहे. परंतु तो ज्या रीतीने चालतो तिजविषयी आम्हांस दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते.

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने आजीच्या पेटीत सापडलेले असे एक छायाचित्र शाळेत आणिले. जरीची टोपी घातलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा खुर्चीस टेकून उभा आहे व पायाशी कुत्रे बसले आहे. मुलाचा चेहरा स्वच्छ; कुत्र्याचे शेपूट मात्र धुरासारखे पुसट. पूर्वी भिंग काही काळ उघडे ठेवावे लागे. मान हलू नये म्हणून माणसाच्या पाठीमागे लोखंडी टेकू लावीत. शेपटास टेकू कोण लावणार? आम्हांस तर त्या चित्रात ते शेपूटच सर्वांत जिवंत वाटले. पण मुलगा कोण, हे घरात कोणासही सांगता येईना.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली केवळ स्त्रियांकरिता निराळी चित्रशाळा उघडली होती. त्यांच्या दोन हजारांहून अधिक काचा आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. सामान्य घरांतील चित्रांस असा आश्रय कोठला? ती रद्दीत जातात, तेथून जुन्या बाजारात. आणि संग्राहक कुत्र्याकडे पाहून ती विकत घेतो. कित्येकदा वहीत नीट बसावे म्हणून भोवतीचा पुठ्ठाही कापून टाकतो. चित्रशाळेचे व गावाचे नाव त्या पुठ्ठ्यावरच छापलेले असते! मग राहते ते केवळ एक गोजिरवाणे चित्र.

शिवाय चित्रशाळेची पायरी त्या काळी पैसेवाल्यांसच चढता येई. ऊसतोडीच्या गाड्यांवर बसलेली मुले व गाडीखालून धावणारी त्यांची कुत्री आपण अंकुशनगरास पाहतो. तशांची चित्रे जुन्या संग्रहांत शोधू नयेत.

पालकांस आमची विनंती एवढीच, की घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांस विचारून चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, फार न दाबता, नावे लिहून ठेवावी. शाई वापरू नये. ती पुढे उमटते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत अंबडास जाऊन आजीच्या थोरल्या बहिणीस चित्र दाखविले. मुलाचे नाव तिलाही आठवले नाही, कुत्र्याचे आठवले. पाठीवर तूर्त तेवढेच लिहिले आहे : मोत्या.