काडतुसाची साक्ष

समजा, लालबागच्या एखाद्या घरात आजोबांच्या जुन्या पेटीतून एक रिकामे पितळी काडतूस निघाले. थोरले काका म्हणतात, "हे नाविकांच्या उठावातलं." फेब्रुवारी १९४६ मध्ये परळ-लालबागेत गोऱ्या शिपायांनी गोळीबार केला, त्यात कमल दोंदे बळी पडल्या, ही गोष्ट काकांना तोंडपाठ. आत्या म्हणतात, "छे! हे जानेवारी १९५६ मधलं, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचं." दोघांचीही खात्री सारखीच पक्की. अशा वेळी निवाडा कोणी करायचा? अहो, ज्याच्यावरून वाद, त्यालाच विचारू या की!

आधी तोंडाकडे पाहावे. टोकाला गोळी बसलेली दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवावे. तोंड मोकळे आणि बुडाच्या टोपीवर घोड्याचा खड्डा पडलेला असेल, तरच पुढे जावे. बुडावर इंग्रजी अक्षरे गोलाकार ठोकलेली असतात. 'के. एफ.' असेल तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. शेजारी सालाचे आकडे. '४३' म्हणजे १९४३.

साल ५२ निघाले, तर काकांनी हार मानावी. जे बनलेच नव्हते ते १९४६ मध्ये उडेल कसे? पण ४३ निघाले म्हणून काकांनी पेढे वाटू नयेत. कोठारातला माल वर्षानुवर्षे पडून राहतो. १९४३ चे काडतूस १९५६ मध्येही उडू शकते. साल एवढेच सांगते की, 'याच्या आधीचे नाही.'

आता आकार. .३०३ रायफलीचे काडतूस तोंडाशी बाटलीसारखे निमुळते होते. तितक्याच जाड बुडाचे, पण सरळ नळकांडे असेल, तर ते .४१० मस्केटचे असू शकते. मस्केट म्हणजे रायफलीचेच रूप, पण नळी आतून गुळगुळीत आणि एका वेळी एकच बार. पोलिसांच्या हाती ती असे.

रायफलीलाही असाच जन्मदाखला असतो. दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, कारखान्याचे नाव आणि साल. 'बी. एस. ए.' बर्मिंगहॅमची, 'ईशापूर' बंगालमधली. मुकुटाखालच्या 'जी. आर. आय.' मधला 'आय' म्हणजे सम्राट. सहाव्या जॉर्जने हिंदुस्थानच्या सम्राटाची पदवी जून १९४८ मध्ये सोडली. प्रजासत्ताक आल्यावर ईशापूरच्या मालावर अशोकाचे सिंह आले. मात्र मुकुटवाल्या रायफली भंगारात गेल्या नाहीत. दुरुस्त होऊन त्या स्वतंत्र भारतातही खांद्यावर राहिल्या. म्हणून बोल्टवरचा आकडा अंगावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. जुळला नाही, तर सुटे भाग बदललेले समजावे.

ही नुसती हौस नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती .३०३ होती आणि समोर एके-४७. ज्या नमुन्याची रायफल पहिल्या महायुद्धात लढली, ती कोणाच्या हाती कुठवर ठेवायची, हा प्रश्न तेव्हा साऱ्या मुंबईला पडला.

एक घरगुती सूचना. दिवाळीच्या साफसफाईत समयांबरोबर हे काडतूसही चिंचेने घासू नका. अक्षरे झिजली की साक्षीदार मुका होतो. बंदुकीवरची खूण पुसणे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाच आहे.

आणि काका-आत्यांचे काय? दोघांचेही म्हणणे कागदावर उतरवून घ्या: कोणी उचलले, कुठल्या नाक्यावर, कोणी पाहिले. पितळ फक्त साल सांगते. रस्ता आणि माणसे सांगणारे घरातच असतात, आणि ते काही पितळेइतके टिकत नाहीत.