राजाची मर्जी आणि न्यायाधीशाची खुर्ची : इंग्लंडच्या सरन्यायाधीशपदाचा खरा इतिहास

१/
इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेविषयी एक गोड कथा इतिहासप्रेमींच्या चर्चेत वारंवार सांगितली जाते. राजपुत्राला तुरुंगात धाडणारा एक न्यायाधीश, राजाला तोंडावर कायदा सुनावणारा दुसरा, आणि अशा निर्भय पुरुषांच्या पुण्याईवर उभी राहिलेली स्वतंत्र न्यायसंस्था. पुढे तीच इंग्रजांनी हिंदुस्थानला बहाल केली! ‘लॉर्ड चीफ जस्टिस’, म्हणजेच इंग्लंडच्या सरन्यायाधीशपदाचा इतिहास तपासला की या कथेचे चिरे एकेक करून निखळतात.

२/
हे पद राजाला आवर घालण्यासाठी जन्माला आलेच नाही. नॉर्मन आणि अँजेविन राजे वर्षानुवर्षे समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये असत. त्यांच्या गैरहजेरीत राज्य चालवणारा कारभारी तो ‘जस्टिशियर’. महसूल, फौज, न्याय सारे त्याच्या हाती. असा पुरुष राजालाच डोईजड होऊ लागला. हेन्री तिसरा याने १२३२ मध्ये ह्युबर्ट द बर्ग याला पदच्युत केले आणि तेव्हापासून त्या पदाला उतरती कळा लागली. १२६८ मध्ये ‘किंग्ज बेंच’ या राजाच्या न्यायालयाचा पहिला सरन्यायाधीश म्हणून रॉबर्ट द ब्रूस याची नेमणूक झाली. स्कॉटलंडचा पुढे गाजलेला राजा रॉबर्ट ब्रूस हा त्याचाच नातू. न्यायालयाचे नावच सांगते की खुर्ची कोणाची होती.

३/
या खुर्चीवर बसणाऱ्याची मुदत दोन शब्दांत सामावलेली असे : राजाची मर्जी. मर्जी फिरली की पद गेले. राजा वारला तर सनदही त्याच्याबरोबर संपे. १२८९ मध्ये एडवर्ड पहिला गॅस्कनीहून परतला आणि त्याने न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी लावली. सरन्यायाधीश राल्फ द हेंगम याला काढून जबर दंड ठोठावण्यात आला. ‘कॉमन प्लीज’ या दुसऱ्या मोठ्या न्यायालयाचा प्रमुख थॉमस वेलँड देशोधडीला लागला. त्याच हेंगमला १३०१ मध्ये एडवर्डने कॉमन प्लीजचा प्रमुख करून परत आणले. काढणारा तोच आणि नेमणारा तोच.

४/
मर्जीच्या खुर्चीला दुहेरी धोका होता. राजाचा माणूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायाधीशावर राजाच्या शत्रूंचाही डोळा असे. १३८१ च्या शेतकरी उठावात सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश जमावाच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या रॉबर्ट ट्रेसिलियनने उठाववाल्यांना निर्दयपणे फासावर चढवले. १३८७ मध्ये रिचर्ड दुसरा याने न्यायाधीशांना काही प्रश्न घातले आणि त्यांनी राजाला हवी तीच उत्तरे दिली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटची सरशी झाली आणि ट्रेसिलियन टायबर्नला लटकला. राजनिष्ठेचे मोल त्याने स्वतःच्या मानेने चुकवले.

५/
आता त्या लाडक्या कथेकडे वळू. सरन्यायाधीश विल्यम गॅस्कॉइन याने दांडगाई करणाऱ्या युवराज हेन्रीला न्यायालयातच कैद सुनावली. पुढे राजा झाल्यावर हेन्रीने सूड न घेता त्याचा गौरव केला, अशी ही आख्यायिका. ती प्रथम लिहून ठेवली टॉमस एलियटने, १५३१ मध्ये. म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. समकालीन पुरावा काहीच नाही. शेक्सपिअरच्या नाटकात नवा राजा त्याला पदावर कायम ठेवतो. प्रत्यक्षात १४१३ मध्ये हेन्री पाचवा गादीवर आल्यानंतर काही दिवसांतच त्या खुर्चीवर विल्यम हँकफर्ड बसला. गॅस्कॉइनला बडतर्फ करण्याचीही गरज नव्हती. जुना राजा वारताच त्याची सनद संपली होती.

६/
कथेचा दुसरा नायक एडवर्ड कोक. १६०७ मध्ये जेम्स पहिला स्वतः निवाडे करू पाहत होता. राजा माणसांच्या अधीन नसला तरी ईश्वराच्या आणि कायद्याच्या अधीन आहे, हे कोकने त्याला ऐकवले, असा वृत्तांत प्रसिद्ध आहे. पण हा वृत्तांत लिहिला कोणी? खुद्द कोकने. त्याच प्रसंगाविषयीच्या एका समकालीन पत्रात वेगळेच चित्र दिसते : राजा संतापून उठला आणि कोक जमिनीवर ओणवा होऊन क्षमा मागू लागला. दोहोंपैकी सोयीचा तेवढा वृत्तांत उचलणे याला इतिहास म्हणत नाहीत.

७/
कोक भित्रा होता असा याचा अर्थ नाही. १६१६ मध्ये तो किंग्ज बेंचचा सरन्यायाधीश होता. राजाच्या हक्काचा प्रश्न असलेल्या एका खटल्याचे काम थांबवावे, असा निरोप आला. न्यायाधीशांनी थांबण्यास नकार दिला. राजाने बाराही जणांना समोर बोलावले तेव्हा सगळे गुडघ्यांवर आले. पुन्हा असा हुकूम झाला तर काम थांबवाल का, या प्रश्नावर अकरा जणांनी होकार भरला. न्यायाधीशाला जे शोभेल ते करीन, एवढेच कोक म्हणाला. नोव्हेंबरमध्ये त्याची गच्छंती झाली. आख्यायिका या एका उत्तरावर थांबते. इतिहासाला त्या अकरा होकारांचाही हिशेब द्यावा लागतो. बारांपैकी एकाने तत्त्व जपले आणि नेमका तोच घरी गेला, तर त्या व्यवस्थेला स्वतंत्र कसे म्हणायचे?

८/
कोकच्या जागी हेन्री माँटेग्यू आला. किंग्ज बेंचच्या एका किफायतशीर कारकुनी पदावर राजाचा लाडका जॉर्ज व्हिलियर्स, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम, डोळा ठेवून होता. कोकने त्या बाबतीत अडवणूक केली होती. माँटेग्यूने ते पद सोडायची तयारी दाखवली. आणि कोकचे पूर्वायुष्य? ॲटर्नी जनरल असताना १६०३ मध्ये वॉल्टर रॅलेवर भर न्यायालयात शिव्यांचा वर्षाव करणारा तोच. त्याची खरी टिकाऊ कामगिरी १६२८ ची : राजाच्या मनमानी कैदेला आणि करांना विरोध करणारा ‘पिटिशन ऑफ राइट’. ती त्याने पार्लमेंटचा सभासद म्हणून केली. खुर्ची गेल्यावरच त्याचे हात मोकळे झाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

९/
राजांनी या प्रकरणातून धडा घेतला तो असा : न्यायाधीश मान्य करत नसेल तर न्यायाधीश बदला. १६२६ मध्ये चार्ल्स पहिला प्रजेकडून सक्तीने कर्ज उकळत होता. सरन्यायाधीश रॅनल्फ क्रू याने ते कायदेशीर म्हणण्यास नकार दिला आणि पद गमावले. त्याच्या जागी निकोलस हाइड आला. कर्ज नाकारून कैदेत पडलेल्या पाच सरदारांचा अर्ज १६२७ मध्ये हाइडच्याच न्यायालयापुढे आला आणि त्यांना जामीन मिळाला नाही. क्रूचे धैर्य निर्विवाद होते. त्या पाच जणांना मात्र त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

१०/
१६७८ ते १६८९ या अकरा वर्षांत किंग्ज बेंचने सहा सरन्यायाधीश पाहिले : स्क्रॉग्ज, पेंबर्टन, साँडर्स, जेफ्रीज, हर्बर्ट आणि राइट. जेफ्रीजने १६८५ च्या बंडानंतर इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात माणसे फासावर चढवली आणि बक्षीस म्हणून लॉर्ड चान्सलरपद मिळवले. १६८६ मध्ये, राजा कायद्यातून सूट देऊ शकतो का, या खटल्यापूर्वी जेम्स दुसरा याने नकार देणारे न्यायाधीश वगळले आणि निकाल अकरा विरुद्ध एक असा राजाच्या बाजूने लागला. तो निकाल सांगणारा हर्बर्ट पुढे पळपुट्या सैनिकांच्या फाशीच्या बाबतीत अडला. लगेच त्याची उचलबांगडी करून राइटला आणले. एकदा कामी आलेला माणूसही दुसऱ्यांदा अडला की टिकत नसे.

११/
हे चक्र थांबले ते एका कलमामुळे. १७०१ च्या ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’ने तीन गोष्टी ठरवल्या : न्यायाधीशाची मुदत राजाच्या मर्जीवर नसून त्याच्या सद्वर्तनावर राहील; वेतन निश्चित असेल; आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मागणी केल्यास त्याला काढता येईल. हेही सहजासहजी घडले नाही. अशाच आशयाचे विधेयक विल्यम तिसरा याने १६९२ मध्ये नामंजूर केले होते. १७०१ चे कलम लागू झाले ते १७१४ मध्ये नवे राजघराणे आल्यावर. राजाबरोबर सनद संपण्याची जुनी खोड तर १७६० च्या सुमारास गेली. हेंगमच्या बडतर्फीपासून मोजले तर ४७० वर्षे.

१२/
फरक आकड्यांत दिसतो. अकरा वर्षांत सहा सरन्यायाधीश पाहिलेल्या त्याच खुर्चीवर जॉन होल्ट १६८९ पासून १७१० पर्यंत, मरेपर्यंत बसला. विल्यमने त्याला आधीच सद्वर्तनाच्या अटीवर नेमले होते. १७५६ ते १७८८ अशी ३२ वर्षे लॉर्ड मॅन्सफील्ड बसला. १७०१ च्या त्या तरतुदीखाली आजवर एकच न्यायाधीश काढला गेला : आयर्लंडचा जोना बॅरिंग्टन, १८३० मध्ये, न्यायालयातील पैशाच्या अपहारासाठी. अठराव्या शतकातली माणसे सतराव्या शतकातल्या माणसांहून अधिक शूर होती असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती खुर्चीची अट.

१३/
यावर आक्षेप येईल : धैर्यवान माणसांवाचून कलमे तरी कोणी लिहिली असती? आक्षेपात तथ्य आहे. कोक आणि क्रू यांच्या नकारांनी दुखणे कोठे आहे ते दाखवले. पण दुखणे दाखवणारा माणूस म्हणजे औषध नव्हे. आणि कलमाने एक दार बंद केले तरी दुसरे उघडे राहू शकते. १९२१ मध्ये लॉइड जॉर्जला ॲटर्नी जनरल गॉर्डन ह्युअर्ट मंत्रिमंडळासाठी हवा होता, तर ह्युअर्टला सरन्यायाधीशपद. म्हणून ७७ वर्षांच्या ट्रेव्हेथिनला तात्पुरते बसवले, तेही तारीख न घातलेला राजीनामा आधीच लिहून घेऊन. १९२२ मध्ये आपल्या राजीनाम्याची बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली असे सांगतात. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे, हे तत्त्व १९२३ मध्ये सांगणारा न्यायाधीश हाच ह्युअर्ट! काढण्याचा नियम पक्का होता, नेमण्याचा नव्हता.

१४/
उरली ती ‘भेट’. सद्वर्तनाचे कलम इंग्रजांनी स्वतःच्या बेटासाठी केले. इंग्लंडमध्ये त्यातली शेवटची फट बुजवली जात होती, त्याच सुमारास, १७६१ मध्ये, अमेरिकी वसाहतींतील न्यायाधीश मर्जीवरच नेमावेत असा हुकूम सुटला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तक्रारींत ही तक्रार स्पष्टपणे नोंदलेली आहे : न्यायाधीशांची मुदत आणि पगार राजाने आपल्या मुठीत ठेवला.

१५/
मुंबईतही तेच घडले. १८२८ मध्ये मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याच्या नातलगाने पुण्यात अडकवून ठेवल्याची तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. गव्हर्नर जॉन माल्कम याने तो अंमलात आणू दिला नाही. सहकारी न्यायाधीश वारल्याने एकटा उरलेला जॉन पीटर ग्रँट याने एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयच बंद केले. प्रिव्ही कौन्सिलने कोर्टाला असा अधिकार नसल्याचे ठरवले. लंडनहून लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला दिलासा दिला : नवे दोन न्यायाधीश पाठवतो, म्हणजे ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानटी हत्तीसारखा होईल. हा एलेनबरो कोण? इंग्लंडचा सरन्यायाधीश पहिला लॉर्ड एलेनबरो याचा थोरला मुलगा. बापाच्या खुर्चीला कलमाचे संरक्षण होते. मुलगा मुंबईच्या खुर्चीसाठी माहूत नेमत होता.

१६/
ही एका उद्दाम माणसाची लहर नव्हती. ज्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे उच्च न्यायालये उभी राहिली, त्या १८६१ च्या कायद्यातच न्यायाधीशांची मुदत राणीच्या मर्जीवर ठेवलेली आहे. इंग्लंडने १७०१ मध्ये टाकून दिलेला शब्द १६० वर्षांनी हिंदुस्थानसाठी जसाच्या तसा वापरला. तो गेला १९३५ च्या कायद्याने : वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पद, आणि गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाल्यावाचून काढता येणार नाही. बारा वर्षांनी इंग्रज निघून गेले. याला भेट म्हणायचे असेल, तर ती निरोपाच्या वेळी हातावर ठेवलेली भेट होती.

१७/
२००५ च्या कायद्याने इंग्लंडचा सरन्यायाधीश तिथल्या न्यायसंस्थेचा प्रमुख झाला. त्याआधी तो मान लॉर्ड चान्सलरचा, म्हणजे मंत्रिमंडळातल्या मंत्र्याचा होता. २०२३ मध्ये स्यू कार या पदावर येणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पद जस्टिशियरच्या काळापासून फार दूर आले आहे. वीरकथा वाचाव्यात, त्यांचा आनंद घ्यावा. पण कोणत्याही काळातल्या, कोणत्याही देशातल्या न्यायाधीशाची निर्भयता वाखाणण्यापूर्वी इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन रूक्ष प्रश्न विचारावेत : याला नेमले कोणी, पगार कोण देतो, आणि काढू कोण शकतो? उत्तर एकाच नावाचे निघाले, तर ती वीरकथा कितीही खरी असली तरी पुढच्या फिर्यादीला तिचा आधार नाही.