पुदिन्याआधी माप

मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद केले आणि ज्यांना घ्यायची त्यांची बैठक आपसूक घरी आली. अहात्याला निदान दुकान बंद होण्याची वेळ होती; घरी तसा काही निर्बंध नाही, बाटली हाताशी असते, आणि पेला भरणारा व रिता करणारा बहुधा एकच असतो. या सदरात आजवर ताक, पन्हे आणि उसाचा रस यांचाच परामर्श घेतला गेला. परंतु वैशाखातल्या बऱ्हाणपुरात जे पेय करावयास सर्वांत सुकर आणि म्हणूनच सर्वांत अधिक जपून करण्याजोगे आहे, त्या पुदिना-व्होडकाविषयी लिहिणे आता प्राप्त झाले आहे.

कृती अल्प आहे. पुदिन्याची आठ-दहा कोवळी पाने देठापासून खुडून पेल्याच्या तळाशी घालावी, वर साखरेच्या पातळ पाकाचे दोन-तीन चमचे आणि अर्ध्या कागदी लिंबाचा रस घालून लाटण्याच्या टोकाने ती हलकेच दाबावी. पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत असतो आणि त्या फुटण्यास एवढा दाब पुरतो. मिक्सरमधून वाटण चटणीसाठी काढावे, पेयासाठी काढल्यास पानातला हिरवा कडवटपणा उतरतो. त्यावर मोजून ३० मिलिलिटर व्होडका, म्हणजे एक लहान पेग, ओतून दोन मिनिटे थांबावे, कारण हे तेल पाण्यापेक्षा मद्यार्कात पुष्कळच चांगले विरघळते. मग बर्फ आणि १२० मिलिलिटर सोडा. आपल्याकडील व्होडकात मद्यार्क साधारणतः ४२.८ टक्के असतो. अशा मिश्रणात तो ७ टक्क्यांच्या आसपास येतो.

येथवर सर्व सुखाचे आहे. परंतु व्होडकाला मुळातच रंग नाही आणि गंधही नाममात्र. जो थोडा दाह असतो त्यावर साखर आणि लिंबू पांघरूण घालतात, पुदिन्याचा तजेला वरून येतो, आणि जिव्हेचा जो नैसर्गिक पहारा मद्यप्याला 'पुरे' म्हणून बजावत असतो, तो या मिश्रणात मुकाट्याने उठून जातो. दुसऱ्या पेल्यात माप ३० चे ५० झाले तरी चवीवरून ते उमगत नाही.

पहारा उठला म्हणजे काय होते, याचा दाखला आमच्या शहराच्या दप्तरातच आहे. अकबराचा पुत्र शाहजादा दानियाल याला दारूपासून दूर ठेवण्यासाठी त्याचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याने बादशाहाच्या हुकुमाने चौक्यापहारे बसविले. तेव्हा, जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केल्याप्रमाणे, शाहजाद्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत, जिला त्याने स्वतःच जनाज्याचे नाव दिले होते, दोनदा गाळलेली दारू भरून आत पोहोचविण्यात आली, तीत नळीतील दारूगोळ्याचा अंश व गंज उतरला, आणि १६०५ साली दानियाल बऱ्हाणपुरास मरण पावला. पुढे १६१५ त इंग्रजांचा वकील सर टॉमस रो येथे जहांगीराचा पुत्र शाहजादा परवीझ याच्या दरबारी आला, तेव्हा नजराण्यातील बाटल्यांच्या पेटीने शाहजाद्याची शुद्ध हरपली आणि ठरलेली खाजगी भेट तशीच राहिली. परवीझही १६२६ त याच शहरी मद्यापायी गेला.

उलट, मिश्रणाचा सदुपयोग जहांगीरानेच करून दाखविला. दोनदा गाळलेल्या अर्काचे वीस पेले रोज रिचविणाऱ्या या पुरुषाला हकीम हुमामने धोक्याची स्पष्ट कल्पना दिली, तेव्हा एक भाग अर्कात दोन भाग द्राक्षमद्य मिसळून त्याने सौम्यता साधली आणि काही वर्षांत पेल्यांची संख्या सहावर आणली. तो विरक्त झाला नाही, हे खरेच. परंतु मिश्रण हे तीव्रता घटविण्यासाठी करावयाचे, लपविण्यासाठी नव्हे, एवढा विवेक त्याच्या मद्यपानात शिरला होता, आणि घरगुती कॉकटेलची नीतिमत्ता यापलीकडे फारशी नाही.

म्हणून वाचकांना विनंती अशी की, पुदिना खुडण्याआधी व्होडका मोजून एका वाटीत काढावी आणि बाटली बूच लावून कपाटात ठेवून यावी. पाहुण्याने आणखी मागितल्यास तोच पुदिना, तेच लिंबू व तोच सोडा द्यावा, व्होडका वगळावी. चवीत उणेपणा जाणवणार नाही. एकवीस वर्षांखालील मुलांना आणि गाडी हाकून रावेर किंवा खंडव्यास परतणाऱ्यांना पहिला पेलाही असाच द्यावा. पुदिना जुडीने घ्यावा व सढळ हाताने घालावा; व्होडकाला मात्र यजमानाच्या अंदाजाचा आधार कधीही देऊ नये.