सेन्सर विकत घेताय? ओलाव्यासोबत बॅटरी आणि रेंजचेही विचारा

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. बारामतीच्या उसातील प्रयोगामुळे ओलावा सेन्सरची चर्चाही वाढली. तुम्ही बजाजनगरात राहून, वाळूजला नोकरी करून गावाकडची शेती सांभाळत असाल, तर मोबाईलवर ओलावा दिसणे सोयीचे आहे. पण ही यंत्रणा पूर्ण हंगाम टिकेल का?

अडचण कुठे येते?
यंत्रणेत थर असतात: ओलावा मोजणारा, रेडिओ, मार्ग ठरवणारा आणि ॲप. प्रत्येक थर आपापले काम करतो. ओलावा बदलला नाही हे रेडिओला कळत नाही, तो पाठवतच राहतो. बॅटरी उतरल्याचे मार्ग ठरवणाऱ्याला कळत नाही, तो त्याच सेन्सरवर भार टाकतो.

उपाय काय?
थरांनी एकमेकांना माहिती द्यावी. लोरा तंत्रात हे काही प्रमाणात होते. भारतात ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालते. त्यात ७ ते १२ असे टप्पे आहेत. टप्पा वाढला की रेंज वाढते, पण संदेश पाठवायचा वेळ जवळपास दुप्पट होतो आणि बॅटरी त्याच हिशोबाने खर्च होते. सिग्नल चांगला असेल तर सर्व्हर सेन्सरला खालच्या टप्प्यावर आणतो. ऊस किंवा मका डोक्यावर गेला की सिग्नल कमजोर होतो, तेव्हा टप्पा पुन्हा वाढावा लागतो.

मात्र थर एकमेकांत फार गुंतले, तर एक भाग बदलताना दुसरा बिघडू शकतो. शिवाय तुम्ही एकाच कंपनीवर अवलंबून राहता.

खरेदीआधी विचारा
- सिग्नलनुसार टप्पा आपोआप बदलतो का?
- ओलावा स्थिर असताना संदेश कमी आणि ठिबक चालू असताना जास्त जातात का?
- बॅटरीची पातळी ॲपमध्ये दिसते का?
- दुसऱ्या कंपनीचा सेन्सर याच गेटवेवर चालेल का?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकड्याशेजारी वेळ पाहा. सेन्सर बंद पडला तरी काही ॲपमध्ये शेवटचा आकडा तसाच राहतो. ‘ओलावा पुरेसा’ दिसतो आणि पीक ताणावर जाते. नोंद सहा तासांपेक्षा जुनी असेल, तर माती हातात घेऊन पाहा, मगच पाण्याचा निर्णय घ्या.