होपफुली

रोजच्या बोलण्यात काही इंग्रजी शब्द असे मुरलेत की ते काढायला गेलं तर वाक्यच कोसळतं. 'होपफुली' हा त्यातलाच. "होपफुली तिकीट कन्फर्म होईल." "होपफुली रिपोर्ट नॉर्मल येतील." घरातल्या लहानांपासून काकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी.

गंमत म्हणजे खुद्द इंग्रजीत या शब्दावरून बरीच वर्षं भांडण चाललं. मूळ अर्थ साधा, 'आशेने'. तो आशेने दाराकडे बघत होता, यातलं 'आशेने'. पुढे हा शब्द वाक्याच्या तोंडाशी बसून 'आशा आहे की' असा अर्थ द्यायला लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत फोफावली आणि शुद्धतावाद्यांचं पित्त खवळलं. 'होपफुली पाऊस पडेल' म्हणजे आशा कोणाला, पावसाला? असा त्यांचा सवाल. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या प्रसिद्ध पुस्तकानेही हा वापर चूक ठरवला. पण 'फ्रँकली' आणि 'फॉर्च्युनेटली' असेच वाक्याच्या तोंडाशी बसतात, त्यांना एवढा त्रास कोणी दिला नाही! जर्मनमध्ये तर नेमक्या याच कामासाठी 'होफेंटलिश' असा वेगळा शब्द आहे. शेवटी एप्रिल २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने नवा अर्थ मान्य केला.

मला विचाराल तर बरंच झालं. व्याकरणाची तक्रार मला कधी पटलीच नाही. 'पाऊस पडेल अशी आशा आहे' या आपल्या वाक्यात तरी आशा कोणाची ते कुठे सांगितलंय?

आता, मराठीत शब्द नाही म्हणून आपण हा घेतला का? 'बहुतेक' चालत नाही हे खरं. 'बहुतेक तो नापास होईल' हा अंदाज झाला. 'होपफुली तो नापास होईल' म्हटलं तर तुमच्या मनात काय आहे ते कळतं! इच्छेसाठी आपल्याकडे क्रियापदाचं अख्खं रूपच आहे - पडो, येवो, होवो. 'पाऊस पडो' किती नेमकं आहे. पण ते आता आशीर्वादासारखं वाटतं, फोनवर कोणी म्हणत नाही. 'देव करो आणि...' म्हणणारी पिढीही कमी होत चालली. तेव्हा 'होपफुली'ने जागा घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. पाऊस, रिपोर्ट, तिकीट या आपल्या हातात नसलेल्या गोष्टी. तिथे आशाच करायची. पण "होपफुली उद्या फोन करतो", "होपफुली दिवाळीला येईन" याचं काय? फोन मीच करणार, सुट्टी मीच मागणार. मग ही आशा नक्की कोणावर ठेवायची? शुद्धतावाद्यांचा 'आशा कोणाला?' हा प्रश्न पावसाच्या बाबतीत हास्यास्पद होता, इथे मात्र तो अगदी बरोबर बसतो. बोलणारा स्वतःच्याच कामाकडे हवामानासारखं बघतो, आणि आशा करायचं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडतं. आमच्याकडच्या एक आजी अशा वेळी सरळ विचारतात, "म्हणजे येणार की नाही?" त्यांना चकल्यांची भाजणी किती करायची ते ठरवायचं असतं हो.

टोलवाटोलवी आपल्याला नवीन नाही. 'बघू' हा अस्सल मराठी शब्द त्यासाठीच आहे. पण 'बघू' ऐकल्यावर समोरचा काय ते समजतो आणि नाद सोडतो. 'होपफुली' त्याला वाट बघायला लावतं. त्यापेक्षा 'सुट्टी मिळाली तर येईन' हे कितीतरी बरं. अडचण कुठे आहे ते तरी कळतं.

असो. पावसासाठी, रिपोर्टसाठी 'होपफुली' खुशाल म्हणा. 'मी' असलेल्या वाक्यात मात्र एकदा ते काढून बघा. उरलेलं वाक्य म्हणायची छाती होत नसेल, तर 'नाही जमणार' म्हणून टाकावं. भाजणी तरी बेताची होईल.