परतीची जागा

अरुंद बोळात बैलगाडी वळविणे किती जिकिरीचे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मग सत्तर फूट लांबीची नौका तिच्या लांबीहून अरुंद अशा कालव्यात वळवावी कशी?

इंग्लंडमधील जुन्या कालवेकारांनी यावर साधीच युक्ती योजिली. नौका ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, त्याच्या समोरचा काठ एके ठिकाणी त्रिकोणी आकारात आत खोदावयाचा. नावाड्याने नौकेचे पुढचे टोक त्या खाचेत अलगद टेकवावे आणि मागचे टोक फिरवून घ्यावे. घोड्यांच्या काळी हे काम दोर व बांबू करीत. आता यंत्र व सुकाणू करतात. या जागेस तेथे ‘विंडिंग होल’ म्हणतात. वाऱ्याची मदत घेऊन नौका फिरवीत म्हणून हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते.

एवढ्याशा खाचेचे महत्त्व माँटगोमेरी कालव्यावर उमगते. इंग्लंडमधील फ्रँकटनहून वेल्समधील न्यूटाउनकडे जाणारा हा कालवा एके काळी चुनखडी वाहून नेई. १९३६ साली पेरी नदीजवळ त्याचा काठ फुटला, तो दुरुस्त झालाच नाही; १९४४ साली कायद्यानेच कालव्यास निरोप देण्यात आला. पुढे १९६९ साली वेल्शपूल येथे स्वयंसेवकांनी फावडी हाती घेतली आणि जीर्णोद्धारास आरंभ झाला.

असे काम तुकड्यातुकड्यानेच होते. आणि तुकडा कितीही नीट बांधला, पाणी कितीही भरले, तरी त्याच्या शेवटी वळावयास जागा नसेल तर मोठ्या नौकेने तिकडे जावे कसे? उलट्या चालीने मैलोगणती परत येणे कोणास परवडणार? म्हणून क्रिकहीथ येथील वळणाची जागा तयार झाली, तेव्हाच, म्हणजे २०२३ साली, तेथवरचा कालवा नौकांसाठी खुला होऊ शकला. त्यापलीकडचा भाग त्या वेळी कोरडाच होता.

ज्यांनी वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी चिखल उपसला, त्यांपैकी अनेकांना न्यूटाउनपर्यंत नौका गेलेली पाहावयास मिळाली नाही. तरीही प्रत्येक टप्प्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या परतीची सोय आधी केली. पुढे जाण्याची हाव सर्वांनाच असते. माघारी फिरणाऱ्यासाठी काठ खोदून ठेवण्यास मात्र वेगळे औदार्य लागते, असे आम्हांस वाटते.