रुची जिभेची की दरपत्रकाची?

पेण, रोहा : व्हिस्की की जिन, हा प्रश्न आवडीचा मानला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीला जिनचा जुनिपरी गंध रुचतो. मित्रमंडळी त्याला औषधाचा वास म्हणतात. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरते, जिनला ती सक्ती नाही. आपल्याकडील स्वस्त व्हिस्कीत तर बहुधा मळीचे स्पिरिट असते; युरोपीय व्याख्येत ती व्हिस्की ठरतच नाही.

परंतु धाटावच्या कारखान्यातून सुटणाऱ्या किंवा पेणच्या मूर्तिशाळेत राबणाऱ्या कामगाराची रुची शासनच ठरवते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने स्वस्त विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. १८० मिलीची किमान किंमत त्यामुळे २०५ रुपये झाली. देशी दारू ८० रुपये. मधोमध धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८ रुपये.

श्रीमंतांच्या पेल्याबाबत मात्र धोरण उदार आहे. आयात स्कॉचवरील राज्याचे शुल्क २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्के झाले. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात व्हिस्की व जिनवरील सीमाशुल्कही १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे.

महसूल हवा, हे मान्य. तथापि ५७ रुपये वाचवणारा ग्राहक नव्या प्रकाराकडे वळेल की हातभट्टीकडे, हे शासनाने गृहीत धरू नये. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ते याच थरातील होते.